आवडा म्हणे

ठाणे, माघ वद्य ४, शके १८१६ (सन १८९५)

तीर्थस्वरूप सौ. रंगूवन्सं यांसी सुमतीचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गुणाजीबरोबर पाठविलेले सामान पोचले, ते येणेप्रमाणे: वाड्याचे जुने तांदूळ दोन पायली, कडवे वाल एक शेर, पोह्यांचे पापड शंभर पैकी सात मोडके, कुंकवाची पुडी एक. गुणाजीचे आगगाडीचे भाडे तीन आणे. स्टेशनापासून हमाल एक आणा. हमालाला मी दोन पैसे सांगितले असते, पण गुणाजी आधीच कबूल होऊन बसला होता. तांदूळ उत्तम, नैवेद्याला वेगळे काढून ठेवले.

इकडे सर्व क्षेम. कचेरीत हिशेबाचे दिवस, म्हणून इकडून घरी येणे दिवेलागणीनंतरच होते.

आपल्या पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ होती, “आवडाबाई वारली.” पुढे काही नाही. काय झाले होते? फार दिवस आजारी होती का? जवळ कोण होते? तळ्याकडच्या आमच्या माहेरच्या घरामागे तिचे घर होते, परसाची भिंत एक. तेवढीच ओळख, म्हणून विचारते. वडील गेल्यापासून त्या बाजूला माझे जाणे नाही.

मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली सुमती

---

कल्याण, माघ वद्य १०

चि. सौ. सुमतीस रंगूचे अनेक आशीर्वाद.

पापड मोडले ते गुणाजीनं पिशवी डोक्याखाली घेतली म्हणून. त्याला बोलले मी. म्हणतो, “बाईसाहेब, झोप थोडीच सांगून येते?” आता काय करायचं या माणसाला!

आवडाबाईचं विचारलंस. छातीत कफ झाला होता, पंधरा दिवस पडून होती. भाची होती जवळ, हौसा. तिला हिनंच गाणं शिकवलंय. अगं, काय सांगू तुला, एका कलावंतिणीसाठी गाव असं रडलेलं मी बघितलं नव्हतं. बंदरावरच्या कोळणींनी टोपल्या उघडल्या नाहीत. भिवंडीचे गाडीवान बैल सोडून उभे. प्रेत निघालं तेव्हा कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही, पण एकानं सुरू केलं आणि सगळा रस्ता म्हणायला लागला:

“उंबऱ्याशी थांबले मी, आत येऊ कशी?
धुळीचे हे पाय माझे, पुसू मी कशाशी?”

मी माडीच्या खिडकीत होते. पदर तोंडाला लावला, पण ओठ हलत होते बाई माझेही. सासूबाई म्हणाल्या, “रंगू, कोणाला गं रडतेस?” म्हटलं, धूर झालाय.

आणि गंमत बघ, रडता रडता मला अभिमान वाटत होता. लोक जे म्हणत होते ते पद कोणाचं? आमच्या सुमतीचं! अख्खं गाव भावजयीचं पद म्हणतंय आणि तिचं नाव कोणाला ठाऊक नाही. “एका कुलस्त्रीने रचिलेली पदे” असं बापूनं बायकोच्या पुस्तकावर छापलं, नाव घातलं नाही. तूच घालू दिलं नाहीस म्हणे. इतका कसला गं विनय?

आता कामाचं. राममंदिरात रामनवमीला आवडाबाई वीस वर्षं अंगणात बसून गायची. यंदा हौसा म्हणते, मावशीची पदं मी म्हणेन. आमच्या घरचे पंचांत आहेत. त्यांच्याकडून ऐकलं तसं मी तुझं पुस्तक त्यांच्या हाती दिलं, की ही पदं हिच्या मावशीची नव्हेत, ठाण्याच्या कुलीन बाईची आहेत. पंचांनी हौसेला बोलावून विचारलं. ती बया तोंड वर करून म्हणते, “सगळी मावशीचीच. प्रत्येक पदाच्या शेवटी तिचं नाव आहे. मास्तरांच्या लेकीच्या हातची वही आहे, ती आणून बघा.”

पंच म्हणाले, मग आणाच वही. वही येईतो ही पदं मंदिरात म्हणायची नाहीत, दुसरी काय ती म्हण. ती म्हणाली, दुसरी मला येत नाहीत.

तेव्हा तुझी मूळ वही पाठव, म्हणजे तिचं तोंड बंद होईल. तुला आठवतच असेल, तुमच्या ठाण्याला चरईतल्या वकिलांकडच्या मुंजीत आवडाबाईनं हेच पद स्वतःचं नाव घालून म्हणायला घेतलं आणि वकिलीणबाईंनी आतून निरोप धाडून तिला गप्प केलं. ती गोष्ट मी इथं दहा घरी सांगितली आहे. रामनवमीच्या आत वही यायला हवी. गुणाजी पुढच्या आठवड्यात ठाण्याला येतोय.

तुझी रंगू

---

ठाणे, फाल्गुन शुद्ध २

तीर्थस्वरूप सौ. रंगूवन्सं यांसी सुमतीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. गुणाजी येऊन गेला, त्याच्याबरोबर मुलांसाठी बोरकूट पाठवले आहे, त्यावर त्याने झोपू नये असे त्याला बजावले आहे.

वहीविषयी लिहिलेत. ती वडिलांच्या पेटीत राहिली असावी. पेटीला वाळवी लागल्याचे मागे ऐकले होते. सापडेल असे वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच की त्या मुलीला गाऊ द्यावे. पदे शेवटी देवाचीच. कोणी म्हटली म्हणून काय बिघडते? पंचांना माझ्या वतीने तसे सांगावे आणि विषय मिटवावा. माझे नाव त्यात आणू नये ही हात जोडून विनंती. इकडे हे सर्व कळवलेले नाही, कचेरीच्या कामाने त्रासलेले असताना कशाला?

सुमती

---

कल्याण, फाल्गुन शुद्ध ११

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

बोरकूट अर्धं गुणाजीनं वाटेतच संपवलं. झोपला नाही, हे खरं.

तुझं पत्र मी आमच्या घरी वाचून दाखवलं, त्यांनी पंचांना वाचून दाखवलं. सगळ्यांच्या तोंडी एकच, असं मोठं मन कुठं मिळणार! जोशीबुवा म्हणाले, “चोराला चोरी देऊन टाकणारी बाई पहिल्यांदा पाहिली.” झालं, तो शब्द बाहेर फुटला. आता रस्त्यानं हौसा चालली की पोरं मागून म्हणतात, “चोराची भाची!” मला ते आवडलं नाही. मेलेल्या बाईला चोर कशाला म्हणायचं? पण तोंडं कोणाची धरणार?

परवा तळ्यावर हौसा मला भेटली. म्हणजे मी धुणं घेऊन उभी आणि ती खालच्या पायरीवर. लांबूनच म्हणाली, “बाईसाहेब, तुमच्या वहिनीबाईंना कळवा, वाळवी कागद खाते, माझा गळा नाही खाल्ला तिनं.” मग आपणहूनच म्हणाली, “मावशीनं ते ठाण्याचं पुस्तक विकत आणवलं होतं. अख्खी दुपार एकेक पान उलटत होती. मी म्हटलं, मावशी, तुला वाचता येत नाही, काय बघतेस? तर म्हणाली, मला एकच शब्द वाचता येतो, तो शोधतेय. शेवटचं पान झालं आणि पुस्तक मिटून मला म्हणाली, हे उंचावर ठेव, देवाची पदं आहेत.”

एवढं सांगून कपडे आपटायला लागली. मला त्यात काही अर्थ लागला नाही. कुठला एकच शब्द? ज्या बाईला ‘ग’ म्हटलेलं कळत नाही तिला कोण एक शब्द शिकवील? पण बाई, तेव्हापासून काहीतरी खुपतंय. तू “तेवढीच ओळख” म्हणालीस. हौसा म्हणते मास्तरांची लेक. त्या आळीत मास्तर एकच होते, तुझे वडील. लेकही एकच.

सुमती, काय ते मला सरळ लिही. मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, तुझ्या लग्नात तुझी ओटी मी भरली आहे.

तुझी रंगू

---

ठाणे, फाल्गुन वद्य ३

तीर्थस्वरूप सौ. रंगूवन्सं यांसी.

नमस्कार लिहिण्याचाही संकोच वाटतो, तरी लिहिते.

तो शब्द मी शिकवला. “आवडा.” तीन अक्षरे.

वही वाळवीने खाल्लेली नाही. ती माझ्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. आजही तिथेच आहे. मी तुम्हांला खोटे लिहिले.

माझे वडील सुधारकी मताचे. मला घरीच शिकवून मॅट्रिकला बसवले, तेव्हा आळीत कोण काय बोलले ते तुम्ही ऐकलेच असेल. परसात भिंतीशी माझा अभ्यास चाले. एके दिवशी पलीकडून आवाज आला, “काय गं सुमे, ते काय गिरवतेस? त्यात माझी गाणी मावतील का?” मी हसले. म्हणाली, “हसू नको. माझ्या घरात लिहिणारं कोणी नाही. गळा गेला की गाणं गेलं.”

त्या दिवसापासून दोन वर्षे, वडिलांच्या परवानगीने, मी लिहिले. ती तिच्या अंगणात उपड्या उखळावर बसे, मी आमच्या बाजूला स्टुलावर. एक ओळ म्हणे, पुन्हा म्हणे, मध्येच थांबून पान थुंकून येई आणि म्हणे, “हं, आता खरी ओळ सांगते, आधीची खोटी होती, खोड.” मी खोडायची. किती शाई वाया जाते म्हणून मी कुरकुरले की म्हणायची, “तुझा बाप शाईचा हिशेब मागतो का? माझ्याकडे पाठव त्याला, त्याला दुसरं पद ऐकवीन.” वहीला मात्र तिने कधी बोट लावले नाही. मला अंघोळ करावी लागेल, म्हणून तिनेच तसे ठरवले होते. मी वही उभी धरायची आणि तिने भिंतीपलीकडून पाहायचे.

प्रत्येक पदाच्या शेवटी ती आपले नाव घाली, “आवडा म्हणे”. पहिल्यांदा ते लिहून मी तिला दाखवले तेव्हा म्हणाली, “यातली मी कुठली?” मी तिन्ही अक्षरे बोटाने दाखवली. मग दर खेपेला नवे पद झाले की ती आधी शेवटची ओळ दाखवायला लावी, ते नाव सापडले की हसे. “आहे, आहे, बसलेय आत.”

एकतीस पदे झाली आणि माझे लग्न ठरले. वही मी तिला देऊ लागले, तर म्हणाली, “माझ्याकडे चुलीत जाईल. तुझ्याकडे असू दे. तू शिकलेली, तू नीट ठेवशील.”

मी कशी ठेवली ते आता सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रगौरीला सासूबाई म्हणाल्या, शिकलेली सून आहे, काहीतरी म्हण. मला तीच पदे येत होती. मी “उंबऱ्याशी थांबले मी” सुरू केले. शेवटच्या ओळीशी आले, “आवडा म्हणे, सावळ्या, तूच ये दाराशी.” समोर गौर, भोवती चाळीस बायका, डोक्यावर नवा पदर. ते नाव जिभेवर आले आणि तिथेच मेले. मी म्हटले, “दासी म्हणे, सावळ्या.” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. विचारले, “कोणाचं गं हे?” वन्सं, मी काही बोलले नाही. मान खाली घातली. नव्या सुनेने मान खाली घातली की तिचा अर्थ लोक लावतात. त्या म्हणाल्या, “स्वतःचंच आहे हिचं! लाजली बघा.” आणि सगळ्यांनी माझे कौतुक केले. मला वाटले, नंतर सांगेन. सांगायला एक श्वास पुरला असता. तो मी नऊ वर्षे घेतला नाही.

पुस्तक छापायचे इकडून ठरवणे झाले तेव्हाही मी एवढेच म्हणाले की माझे नाव नको. त्याला तुम्ही विनय म्हणता. चोरी करताना चेहरा झाकून घेतात, तसे ते होते.

आणि चरईतली मुंज. तुम्ही ती गोष्ट दहा घरी सांगितलीत, अकराव्या घरी सांगू नये म्हणून ती कशी झाली ते ऐका. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड होतो. मांडवात आवडाबाई बसली होती, केस पांढरे झाले होते, आवाज तोच. तिने “उंबऱ्याशी” धरले आणि आतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. शेवटी तिने म्हटले, “आवडा म्हणे.” वकिलीणबाई म्हणाल्या, “ऐकलंत का? आपल्या सुमतीबाईंच्या पदात स्वतःचं नाव घुसडतेय!” लगेच गड्याबरोबर निरोप, “हे घरंदाज बायकांचं पद आहे, तुम्ही म्हणू नये.” गडी मोठ्याने बोलला. सगळ्या मांडवाने ऐकले. कोणी हसले.

आवडाबाईने तंबोरा तसाच धरून चिकाकडे पाहिले. मला वाटले आता ती विचारील, आत सुमती आहे का? तिने विचारले नाही. तिने हात जोडले आणि म्हणाली, “चूक झाली. ज्यांचं आहे त्यांचं आहे.” आणि दुसरे गाणे धरले. वन्सं, मी तिच्यापासून चार हातांवर होते. वकिलीणबाईंच्या मांडीला मांडी लावून बसले होते. पानाचा विडा हातात होता, तो मी खाल्ला.

ती मला वाचवून गेली. मी आत आहे हे तिला ठाऊक होते, कारण आल्या आल्या तिने बायकांत कोण कोण आलंय ते विचारून घेतले होते, हे मला मागाहून कळले.

रोज जपाला बसते तेव्हा तोंडी देवाचे नाव येते आणि कानात तो गडी येतो. आता हौसाबाईला चोराची भाची म्हणतात हे तुम्ही लिहिलेत. चोर मी आहे. वही मी पंचांकडे पाठवणार आहे. त्याआधी तुम्हांला कळवणे माझे कर्तव्य, कारण माझे पुस्तक तुम्ही विश्वासाने त्यांच्या हाती दिलेत आणि मान खाली तुम्हांलाच घालावी लागणार आहे.

सुमती

---

कल्याण, फाल्गुन वद्य ९

सुमतीस,

पत्र वाचून चुलीत घातलं.

तू वही पाठवू नकोस. आमच्या घरच्यांनी पंचांसमोर तुझं पत्र वाचलंय, “मोठं मन” म्हणून. आता ते काय तोंड दाखवतील? बापूचं कचेरीत नाव आहे. माझी यमू अकराची झाली, पनवेलकरांकडून पत्रिका आली आहे. तुझं हे बाहेर आलं तर ते म्हणतील, मुलीची मामी कलावंतिणीची गाणी गाते, तीही चोरून. तुला मूलबाळ नाही म्हणून तुला हे सोपं वाटतं.

हे लिहिलं ते खोडणार होते. राहू दे. तुला लागेल, लागू दे.

वाळवी लागली म्हणालीस, वाळवीच राहू दे. हौसेला मी लुगडं देईन, तांदूळ देईन, पण वही नको. जाळ नाहीतर तळ्यात टाक.

एवढं लिहून मी उठले होते, पुन्हा बसले. आज चार दिवस जात्यावर बसते आणि तोंडातून काही निघत नाही. इतकी वर्षं तिचीच म्हणत होते, आता धरते आणि शेवटच्या ओळीशी अडते. दासी म्हणू की काय म्हणू? सासूबाई विचारतात, घसा बसला का? मी तरी काय सांगू?

रंगू

---

ठाणे, चैत्र शुद्ध ५, शके १८१७

हौसाबाईंस,

तुम्हांला कोणता मायना लिहावा हे मला कोणी शिकवले नाही. सौभाग्यवती लिहिता येत नाही, गंगाभागीरथी लिहिता येत नाही. म्हणून नुसते नाव लिहिले, राग मानू नये. मी मास्तरांची सुमती. तुम्ही मला पाहिले नसेल. मी लग्न होऊन आले त्यानंतर तुम्ही मावशीकडे आलात.

हे पत्र वाचून दाखवायला तुम्ही कोणाला तरी बसवाल. तो कोणीही असो, त्याने एकही शब्द गाळू नये.

गुणाजीबरोबर तुमच्या मावशीची वही पाठवली आहे. गुणाजी वाटेत झोपतो, म्हणून ती त्याच्या बंडीच्या आत बांधून दिली आहे. वहीबरोबर पंचांच्या नावे माझ्या सहीचा कागद आहे. त्यात लिहिले आहे की एकतीसही पदे कल्याणच्या आवडाबाईंची, त्यांनी सांगितली, मी उतरून घेतली. त्यातील एकही ओळ माझी नाही, आणि छापील पुस्तकात त्यांचे नाव काढून “दासी” घालणारी मी. हा कागद आधी तुम्ही ऐका, मग पंचांना द्या. तुमच्या हातून द्या. माझ्या नणंदेच्या हातून देऊ नये, तिला त्रास होईल. तिचा यात काही दोष नाही.

इकडे घरी मी सांगितले. मग “पुस्तकाला किती रुपये पडले ते तुला ठाऊक आहे ना?” एवढे बोलणे झाले. ठाऊक आहे, हिशेब मीच ठेवते. दुसऱ्या दिवशी पंचांच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही मात्र न मागता मिळाली. त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी बोलणे नाही.

परवा तृतीयेला आमच्याकडे गौर बसली, हळदीकुंकू झाले. दरवर्षीप्रमाणे बायका म्हणाल्या, सुमतीबाई, तुमचं ते उंबऱ्याचं म्हणा. मी म्हटले, आणि शेवटी म्हणाले, “आवडा म्हणे, सावळ्या, तूच ये दाराशी.” कोणाला आधी कळलेच नाही. एकीने “वा!” सुद्धा म्हटले. मग चरईतल्या वकिलीणबाई म्हणाल्या, “अहो, चुकलात. हे तर त्या बाईचं नाव.” मी म्हटले, “चुकले नाही. पद त्या बाईंचंच आहे. माझं कधीच नव्हतं.” त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही. म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी मी निरोप धाडला तेव्हा… तुम्ही माझ्या शेजारी होतात की हो! माझ्या हातून हे पाप करवलंत, आणि विडा खात बसलात?” हरभऱ्याची ओटी तिथेच ठेवून उठल्या. कुंकू न लावता गेल्या. त्यांच्यामागून सोळा-सतरा जणी गेल्या. ज्या राहिल्या त्यांनी कैरीची डाळ वाखाणली आणि पदाविषयी अक्षर काढले नाही.

मी हे तुम्हांला शौर्य म्हणून सांगत नाही. तुमच्या मावशी भर मांडवात जे गिळून बसल्या त्यातले हे चमचाभर आहे. रामनवमीला मी कल्याणला येऊन अंगणात बसावे असे मनात फार येते, पण येईन असे लिहीत नाही. माझ्या धैर्याची मला पारख आहे. आणि क्षमाही मागत नाही. मागितली की ती देण्याचे ओझे तुमच्यावर पडते.

आता एक गोष्ट राहिली.

वहीत तुमच्या मावशींचे नाव एकतीस ठिकाणी होते. माझ्या खोलीत कोणी वही उघडली तर दिसू नये म्हणून, पुस्तक छापायला जाण्याच्या आधी, मी त्या प्रत्येक ओळीवर खळीने कागदाची पट्टी चिकटवली होती. आता ओल्या फडक्याने एकेक पट्टी सोडवली. तीस नावे निघाली. थोडी पुसट आहेत, पण वाचता येतात. एकतिसाव्या ठिकाणी, “नदी उतरून आले” या पदात, पट्टीबरोबर खालची शाई आणि कागदाचा पापुद्रा दोन्ही निघून आले. मागे भोक राहिले आहे.

आणि ती ओळ मला आठवत नाही. पुस्तकात मी तिथे माझ्या मनाने काहीतरी रचून घातले होते, आणि इतकी वर्षे तेच म्हटल्यामुळे मूळचे माझ्या डोक्यातून गेले. पुष्कळ बसून पाहिले. इथल्या परसात जाऊन भिंतीकडे तोंड करूनही पाहिले. त्यांचा आवाज ऐकू येतो, उखळावर बसलेल्या दिसतात, “आवडा म्हणे” पर्यंत येतात आणि पुढे नुसते ओठ हलतात.

तुम्हांला ती ओळ येत असेल. त्यांनी तुम्हांला सगळी पदे गळ्यात दिली असे ऐकते. छापील पुस्तकाच्या एकशे सत्तर प्रती घरात शिल्लक आहेत, त्या प्रत्येकीत मी माझी ओळ खोडून शेजारी त्यांची हाताने लिहिते आहे. साठ झाल्या. त्या साठांत या एका पदापुढे जागा कोरी आहे. येत नसेल तर तसेही स्पष्ट कळवा, म्हणजे माझ्या हातून काय गेले ते मला नीट कळेल.

सोबत पत्ता घातलेले कार्ड जोडले आहे, कोणाकडून तरी चार शब्द लिहवा. गुणाजीवर विसंबू नका. उलट टपाली कळवा.

सुमती